कॉलेजमधलं आकाशदर्शन: आखणी रांगेपासून सुरू करा

अंधार हवा म्हणून अमावस्या गाठायची, हे अभ्यासकांसाठी ठीक. सर्वांसाठी खुल्या कार्यक्रमाला ती तिथी घेऊ नका. शहरात अमावस्येलाही देवयानी दीर्घिका म्हणजे धुरकट डाग. तासभर रांगेत उभ्या राहिलेल्या आजींना त्यात काय दिसणार? दिवाळी ते फेब्रुवारीदरम्यानची शुद्ध सप्तमी-अष्टमी निवडा. तेव्हा चंद्रावरच्या विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि खड्डे खरोखर खोल वाटतात. पौर्णिमेला हे काहीच दिसत नाही.

पाहणाऱ्याला चढून, डोळा लावून, उतरायला साधारण एक मिनिट लागतं, म्हणजे एका दुर्बिणीवर तासाला साठ माणसं. दोनशे येणार असतील तर तीन दुर्बिणी लावा आणि टोकन द्या.

शक्यतो गच्ची टाळा. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री उष्णता सोडतं, त्यात गुरूचे पट्टे थरथरतात. मैदान बरं. वेधशाळेचा घुमट असेल तर त्याची झडप तासभर आधी उघडा, म्हणजे आतली उष्णता निघून जाते. आठ इंची डॉब्सोनियनही (साध्या बैठकीवर हाताने आडवी-उभी फिरवायची आरशाची दुर्बीण) त्यासाठीच पाऊण तास आधी बाहेर ठेवा. शोधक दुर्बीण, म्हणजे नेम धरायला मोठ्या नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण, सूर्य मावळल्यावर, पण उजेड असेतो, लांबच्या टॉवरवर मोठ्या दुर्बिणीशी जुळवून घ्या. अंधारात हेच काम रांग अडवतं.

१२०० मिमी नाभीय अंतराच्या (फोकल लेंग्थ) दुर्बिणीला २५ मिमीची नेत्रिका (डोळा लावायचं भिंग, आयपीस) लावली की ४८ पट मोठं दिसतं आणि अख्खा चंद्र मावतो. गुरू-शनीसाठी १० मिमी, म्हणजे १२० पट. इथेच बहुतेकांची फसगत होते: पृथ्वी फिरत असल्याने साध्या नेत्रिकेत ग्रह पावणेदोन मिनिटांत एका कडेकडून दुसऱ्या कडेला जाऊन नाहीसा होतो. म्हणून तो मधोमध नको, जिथून आत येतो त्या कडेशी ठेवा आणि दर माणसामागे तपासा. चंद्र अगदी डोक्यावर असताना डॉब्सोनियन आडवी फिरवणं अवघड जातं. तो पश्चिमेला कलेपर्यंत थांबा.

लहान मुलांसाठी भक्कम स्टूल हवं, नाहीतर ती नळीलाच धरतात. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद चिकटवा.

“दिसलं का?” असं विचारू नका. संकोचाने सगळे हो म्हणतात. “गुरूशेजारी किती ठिपके आहेत?” असं विचारा. उत्तर अडखळलं तर फोकस त्यांच्या डोळ्याप्रमाणे फिरवू द्या. ही दहा सेकंदं वाचवू नका.

दव पडलं तर आरसा, भिंग कापडाने पुसू नका. घरात आणून पूर्ण सुकल्यावरच झाकण लावा.