कामाचा स्पॅनियल वावरात येण्याआधीची तयारी

पिल्लू बघायला जाण्याआधी घरातल्या सगळ्यांना बसवा आणि एकच विचारा: एप्रिल-मेमध्ये पहाटे पाचला या कुत्र्याबरोबर वावरात कोण जाणार? नाव पक्कं होत नसेल तर विषय तिथेच थांबवा. कामाच्या वंशावळीतला कॉकर किंवा स्प्रिंगर स्पॅनियल हा अंगणात बांधून ठेवायचा कुत्रा नाही. झुडपात शिरायचं, वास काढायचा, पक्षी उठवायचा आणि बंदुकीने पडलेला पक्षी तोंडात न चुरगाळता मालकाच्या हातात आणून द्यायचा, या कामासाठी ब्रिटनमध्ये त्याच्या पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणल्या. १८९० च्या दशकाआधी तर कॉकर आणि स्प्रिंगर एकाच वेतात निघायचे. साधारण ११ किलोच्या आतला तो कॉकर, त्यावरचा स्प्रिंगर. आज तिथले पोलीस तेच नाक स्फोटकं आणि अमली पदार्थ शोधायला वापरतात. शोधणं ही या कुत्र्याची भूक आहे. तुम्ही ती भागवली नाही तर तो आपली आपण भागवतो, आणि आपल्या वावरात एकटं शोधत सुटलेलं कुत्रं फार दिवस टिकत नाही.

शिकारीचा विचार मनात असेल तर तो आधी काढून टाका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे शिकारीच्या व्याख्येतच जनावराचा पाठलाग करणं आणि त्याला हाकणं येतं. तित्तर, लावा, ससा, मोर, यांपैकी कशाच्याही मागे कुत्रा घालायचा नाही. त्याचं काम डमीवर, म्हणजे फेकून किंवा लपवून आणायला लावायच्या खोट्या शिकारीवर होतं. विकतची डमी नसली तरी अडत नाही; जुन्या जीनच्या पँटीची नळी कापून घरच्याच कापसाने भरली आणि दोन्ही तोंडं शिवली की पिल्लासाठी चांगली डमी होते. अशा तीन-चार आधीच करून ठेवा, कारण एक ओली, एक हरवलेली आणि एक त्याने फाडलेली असणारच आहे.

पिल्लू कुठून आणायचं? आपल्याकडे मिळणारे बहुतेक कॉकर प्रदर्शनाच्या वळणाचे असतात: लांब जड कान, पोटाखाली झुलणारे केस, गोल डोकं. कामाचा कॉकर अंगाने हलका, कान थोडे वर, केस कमी. विदर्भाच्या उन्हात हा फरक मोठा आहे. आईबाप दोघंही प्रत्यक्ष काम करताना बघायला मिळत असतील तर बघा, नाहीतर निदान आई बघाच. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची नोंदणी लागते. कागद मागायला संकोच करू नका. आणखी एक कागद मागा, तो म्हणजे आईबापांच्या जनुकीय तपासण्यांचा. डोळ्यांचा पीआरए (हळूहळू आंधळं करणारा आनुवंशिक विकार) आणि कॉकरमधला मूत्रपिंडाचा आनुवंशिक विकार, हे तर बघायचेच. पण आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची तपासणी पीएफके नावाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) कमतरतेची. स्प्रिंगर आणि कॉकर दोन्हींत ती सापडते. असा कुत्रा एरवी ठणठणीत दिसतो, पण जोरात धावून किंवा उन्हात खूप धापा टाकून झाल्यावर त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हिरड्या पांढऱ्या पडतात आणि लघवी कॉफीसारखी गडद होते. ४५ अंशांच्या मुलखात ही तपासणी न बघता पिल्लू घेणं मला पटत नाही, मग पिल्लू कितीही गोड असो.

आणायची वेळ म्हणाल तर दिवाळीचे फटाके आटोपल्यावर. नोव्हेंबरात आठ आठवड्यांचं पिल्लू आलं की लसींचे डोस सोळा आठवड्यांपर्यंत, म्हणजे जानेवारीत पूर्ण होतात. तोवर त्याने अंगण, छपरी आणि गोठा एवढंच जग बघायचं. गाय, बैल, शेळ्या, कोंबड्या, ट्रॅक्टर यांच्यासमोर शांत बसायला शिकायचं. तोवर कपाशीची फवारणी संपलेली असते आणि हवा थंड असते. फेब्रुवारी-मार्चच्या सकाळी शिट्टीचं शिक्षण होतं आणि उन्हाळा लागेपर्यंत कुत्रा हाताखाली येतो. मे महिन्यात आणलेलं पिल्लू अख्खा उन्हाळा कुलरसमोर काढतं आणि पावसाळ्यात एकदम सुटतं. तो क्रम उलटा पडतो.

आता वावर पायी फिरून बघा, कुत्र्याच्या उंचीवरून. बिनकठड्याची विहीर असेल तर तिला जाळी किंवा काट्यांचं कुंपण करा. शेततळं असेल तर त्याहून जास्त जपा. स्पॅनियलला पाणी दिसलं की तो उडी घेतो, आणि शेततळ्याच्या प्लास्टिकच्या अस्तरावरून त्याला वर चढता येत नाही. पोहता येत असूनही तो दमून बुडतो. चारही बाजूंनी खुंट्यांना बांधलेली जाड दोरीची जाळी पाण्यात सोडून ठेवा. ती माणसांच्याही कामाची आहे. धान्याच्या कोठीत उंदरांसाठी ठेवलेलं झिंक फॉस्फाईड उचला, कीटकनाशकांचे रिकामे डबे धुऱ्यावर फेकले असतील तर गोळा करा, युरियाचं पाणी उघड्या टोपल्यात ठेवायची सवय मोडा.

मग शेजाऱ्यांकडे जा. हे काम लोक टाळतात. तुमच्या धुऱ्याला लागून ज्यांची वावरं आहेत त्या प्रत्येकाला पिल्लू येण्याआधी सांगा, की अमुक कुत्रा येतोय, फवारणी कराल त्या दिवशी फक्त एक फोन करा. कुत्रं फवारलेल्या पऱ्हाटीतून गेलं, आणि घरी येऊन पाय चाटले, की विष पोटात गेलं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणाऱ्या माणसांचे जीव गेले, तिथे पाच-पंधरा किलोच्या जनावराचं काय सांगायचं. गावातला माणूस आधी विचारलं तर मदत करतो. न विचारता कुत्रं आणलं तर पहिला निरोप असा येतो: “भाऊ, तुमचं कुत्रं आमच्या पऱ्हाटीत घुसलं होतं राजेहो, कालच फवारा मारला तिथं.” आणि डुकरं-रोही अडवायला कोणी कुंपणात थेट वीज सोडतो का, हेही याच भेटीत मोकळेपणाने विचारून घ्या. ते बेकायदा आहे, तरी होतं, आणि त्यात वाघापासून माणसापर्यंत सगळे मेले आहेत. त्या दिशेला कुत्रा मोकळा सोडायचाच नाही.

पण धोके एकेक करून टाळत बसलं तर यादी संपणार नाही. घोणस कुटाराच्या ढिगात असते, तार रात्री लावली जाते, फोन करायचा शेजारी विसरतो. या सगळ्यांवर एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे थांबण्याची शिट्टी. एक लांब शिट्टी वाजली की कुत्रा जिथे असेल तिथे बसला पाहिजे, मागे वळून तुमच्याकडे बघितलं पाहिजे. स्पॅनियलवाले एक्मे कंपनीची २१०½ क्रमांकाची शिट्टी वापरतात. तिचा स्वर ठरलेला असतो, म्हणून हरवली तरी दुसरी तशीच मिळते. पिल्लू यायच्या आधी दोन मागवा. लांब एक म्हणजे थांब, लहान-लहान चार-पाच म्हणजे ये, दोन छोट्या म्हणजे दिशा बदल. घरातल्या प्रत्येकाने याच खुणा वापरायच्या. आजोबांनी ‘हाड’ म्हणायचं, मुलांनी चुटकी वाजवायची आणि तुम्ही शिट्टी फुंकायची, असं चाललं तर कुत्रा कोणाचंच ऐकत नाही.

सुरुवात ताटापासून करा. जेवण समोर ठेवण्याआधी एक लांब शिट्टी, पिल्लू बसलं की ताट. मग अंगणात चालताना, मग दोरीवर धावताना, मग डमी हवेत असताना. डमी पडली तरी बसून राहायचं आणि पाठवल्यावरच जायचं, हे या जातीला सगळ्यात जड जातं, आणि तेच सगळ्यात आधी हवं. म्हणून फेकलेल्या दर पाच डमींतल्या तीन-चार तुम्ही स्वतः चालत जाऊन उचला. त्याला कळू द्या की पडलेली प्रत्येक वस्तू आपली नसते. चेंडू फेकत राहणं मात्र सोडा. तासभर चेंडूमागे धावलेला स्पॅनियल थकत नाही, आणखी पेटतो. त्याच्या अंगात दम वाढतो आणि डोक्याला काहीच मिळत नाही.

डोक्याला काम शोधण्याने मिळतं. सोयाबीन निघालेलं रिकामं वावर किंवा काटोल-वरुडकडची संत्र्याची बाग यासाठी फार छान. बागेत ओळी आयत्या असतात आणि सावलीही. वारा तोंडावर घेऊन चाला आणि कुत्र्याला डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असं नागमोडी शोधू द्या. त्याने तुमच्यापासून वीस मीटरच्या आतच राहायचं. उठलेला पक्षी बंदुकीच्या टप्प्यात राहावा म्हणून हे अंतर मुळात ठरलं. बंदूक नसली तरी ते पाळा, कारण वीस मीटरवरचा कुत्रा शिट्टी ऐकतो आणि शंभर मीटरवरचा ऐकल्यासारखं करतो. ओळीत कुठेतरी आधीच लपवलेली डमी त्याला सापडू द्या. तित्तर स्वतःहून उठला तर लगेच लांब शिट्टी, बसला की भरपूर कौतुक, आणि पक्ष्याच्या उलट दिशेला दुसरी डमी. मोठा झाला की वावरात पडलेलं खुरपं, मोबाईल, चाबी शोधायला शिकवा. सालदाराच्या हातून पडलेला विळा तुरीच्या दाटीतून काढून दिला की साऱ्या गावाला त्या कुत्र्याचं मोल कळतं.

यातला अर्धा भाग म्हणजे घरात काहीही न करणं. छपरीत एक पोतं किंवा खाट त्याची म्हणून ठरवा. कामानंतर त्याने तिथे पडून राहायचं, कोणी त्याच्याशी खेळायचं नाही. ही विश्रांती शिकवावी लागते. अंगात इतकी ऊर्जा असलेला कुत्रा आपणहून शांत होत नाही.

उन्हाचं आता नीट ऐका. कुत्र्याचं शरीर साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियसवर चालतं. ४० च्या वर गेलं की काळजी, ४१ च्या वर उष्माघात. गावठी कुत्रं तापलं की सावलीत जाऊन पडतं. कामाचा स्पॅनियल पडत नाही, कोसळेपर्यंत शोधत राहतो. थांबवायची जबाबदारी तुमची. जीभ रुंद होऊन टोकाशी वळली, हिरड्या लालभडक झाल्या, वळायला उशीर होऊ लागला, की काम बंद. एप्रिलपासून मृग लागेपर्यंत सूर्य वर येण्याआधीची अर्धी घटका पुरे, आणि मे अखेरीच्या नवतप्यात तर फक्त घरातलं नाकाचं काम. धापा टाकणाऱ्या कुत्र्याचं नाकही नीट चालत नाही, त्यामुळे उन्हात शिकवून हाती काही लागत नाही. कोसळलाच तर आधी थंड करा, मग गाडीत घाला. रांजणातलं, नळाचं, जे पाणी हाताशी असेल ते अंगभर ओता, पंखा लावा, ओता, पुन्हा वारा. ओलं पोतं पांघरून ठेवू नका; ते उष्णता कोंडतं. काळ्या मातीच्या भेगा रुंद झाल्या की त्या वावरात धावणं बंदच, पाय अडकून मोडतो.

पावसाळा संपताना कुसळी गवत वाळतं. त्याचं टोक कानात, बोटांच्या मध्ये, डोळ्याच्या कोपऱ्यात शिरतं आणि आत आतच सरकत जातं. म्हणून सप्टेंबरपासून पुढे तीन-चार महिने रोज घरी आल्यावर दिवाबत्तीच्या आधी बोटं, बगला, कान चाचपायचे. कानाखालचे आणि पंजातले केस कापून ठेवा. अंगावरचे मात्र भादरू नका, ते उन्हाला आडोसा आहेत. गोचीड याच तपासणीत निघतो. त्याच्यामुळे येणारा ताप हा आपल्याकडच्या कुत्र्यांचा मोठा शत्रू. जेवण सोडलं, हिरड्या फिक्या पडल्या, नाकातून रक्त आलं, की वाट न बघता रक्त तपासा. गोचिडाचं औषध वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून वर्षभराचं ठरवून घ्या. गुरांचं औषध अंदाजाने कुत्र्याला लावू नका.

डॉक्टरही आधीच गाठायचे. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर गुरांमध्ये पारंगत असतात. त्यांना विचारा की सर्पदंशाची लस आणि फवारणीच्या विषावरचं अ‍ॅट्रोपिन कुठे मिळेल, रात्री फोन केला तर चालेल का. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच लस चालते, पण ती तालुक्याला आहे की जिल्ह्याला हे दंशाच्या रात्री शोधायचं नसतं. मोठ्या दुखण्यासाठी नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं. गावाहून तिथपर्यंत रात्री कोणाची गाडी निघेल तेही ठरवून ठेवा. उंदरांच्या मुताने ओल्या वावरात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा रोग पसरतो, तेव्हा त्याची लस आणि रेबीजची लस दरवर्षी चुकवू नका.

ताडोबा, पेंच, बोर, मेळघाट, नवेगाव-नागझिरा, यांच्या आजूबाजूला राहत असाल तर कुत्रा जंगलात नेऊच नका. बिबट्याला कुत्रं म्हणजे सोपं भक्ष्य, आणि आपल्या कुत्र्याचा डिस्टेंपर हा जीवघेणा साथीचा रोग जंगलातल्या रानकुत्र्यांना लागतो. रात्री तो दाराच्या आत झोपेल. जागलीला माळ्यावर नेऊ नका, सालदाराने कितीही हौसेने मागितला तरी.

खाणं सोपं आहे. ज्वारीची भाकर, अंडी, मांस चालतं, पण वाढत्या पिल्लाचं पोषण त्यावरच सोडू नका. चांगल्या कंपनीचं पिल्लांचं खाद्य त्याला द्या. कांदा, लसूण, द्राक्षं, चॉकलेट नाही. शिजवलेली हाडंही नाहीत. जेवून लगेच धावायला सोडायचं नाही.

आणि लग्नसराई. एप्रिल-मेमध्ये घरचे सगळे नात्यातल्या लग्नांना जातात, आणि नेमका तेव्हाच कुत्र्याला सांभाळणारा माणूस लागतो. असा एक माणूस आत्ताच निवडा, शेजारचा पोरगा असो की सालदार काका. दुसरी शिट्टी त्याच्या गळ्यात घाला आणि पिल्लू आल्यापासून आठवड्यातून दोन सकाळी त्याच्याही हाताखाली काम होऊ द्या. तुमच्याशिवाय त्या माणसाच्या लांब शिट्टीवर कुत्रा बसतोय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पहिल्या लग्नाला निघू नका.