रिमवर्ल्डमधला गवंडी: आठपर्यंत सगळे, पुढे एकच

पुण्यात घराचं काम काढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही: मजूर अड्ड्यावरून आणलेली चार माणसं भिंत उभी करतील, पण पलंगासाठी सुतार शोधावा लागतो. रिमवर्ल्ड या वसाहत उभारण्याच्या कॉम्प्युटर गेमने मात्र गवंडी, सुतार, वायरमन आणि फरशीवाला असे सगळे ‘कन्स्ट्रक्शन’ या एकाच स्किलमध्ये कोंबले आहेत. त्यामुळे खास बांधकामवाला तयार करावा का, या प्रश्नाची दोन उत्तरं येतात. भिंतींसाठी नको, पलंगासाठी हवा. या दोन कामांची सीमा लेव्हल ८ वर आहे.

आधी वेग बघू. लेव्हल ० ला बांधकामाचा वेग ३० टक्के असतो आणि दर लेव्हलला त्यात ८.७५ टक्क्यांची भर पडते. म्हणजे ८ ला बरोबर १०० टक्के आणि २० ला २०५. आता यासाठी लागणारा एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, मोजा. ० वरून १ ला जायला १,०००, पुढच्याला २,०००, असं करत ८ पर्यंत एकूण ३६,००० लागतात. २० पर्यंत जायला २,६५,०००. दोन माणसं आठवर नेली तर खर्च ७२,००० आणि दोघांचा मिळून वेग २०० टक्के. म्हणजे चौथ्या भागाहून थोड्या जास्त कष्टात जवळपास तेवढंच काम होतं. शिवाय एक तापाने पडला तरी दुसरा कामावर असतो. भिंती, तटबंदी, कुंपण यांसाठी एकट्याला डोक्यावर घेण्यात काही अर्थ नाही.

आठचं दुसरं महत्त्व काम फसण्यात आहे. नवशिक्याचं बांधकाम यशस्वी होण्याची शक्यता ० ला ७५ टक्के, ४ ला ९०, ६ ला ९५ आणि ८ ला १००. काम फसलं की झालेली मेहनत वाया जाते आणि साहित्यही निम्म्याच्या आसपास जातं. दगडी भिंतीत पाचांपैकी दोन-तीन ठोकळे गेले तर कुणाला फरक पडत नाही. पण सोलर पॅनलला १०० स्टील आणि ३ कंपोनंट (यंत्रांचे सुटे भाग) लागतात, तिथे हे दुखतं. गेमने काही वस्तूंना किमान लेव्हल ठेवली आहे: मिनी-टरेट (आपोआप गोळ्या झाडणारी छोटी तोफ) आणि कूलरला ५, सोलरला ६, जिओथर्मल जनरेटर आणि हॉस्पिटल बेडला ८. सहाचा माणूस सोलर लावतो तेव्हा वीसात एकदा फसतो, हे गृहीत धरून कंपोनंट शिल्लक ठेवा. आणि ते १०० टक्के धडधाकट माणसाचे आहेत. हाताची बोटं गेलेल्या किंवा एका डोळ्याच्या आठवाल्याला जिओथर्मलला लावण्याआधी त्याचं माहितीपत्रक उघडून खरा आकडा बघा.

आठपर्यंत न्यायचं कसं

एक्सपी किती काम उरकलं यावर मिळत नाही, किती वेळ हातोडा चालला यावर मिळतो. दर टिकला (गेममधल्या वेळेचं सगळ्यात लहान माप) ०.२५, म्हणजे गेममधल्या एका तासाला ६२५. यावर आवडीचा गुणक लागतो. त्या कामाची आवड स्किलशेजारी ज्वाळेच्या खुणेने दाखवतात: ज्वाळा नसेल तर ३५ टक्के, एक असेल तर १००, दोन असतील तर १५०. वर एक दैनिक मर्यादाही आहे. एका स्किलमध्ये दिवसाला ४,००० एक्सपी झाला की त्यापुढचं फक्त २० टक्के पदरात पडतं आणि मध्यरात्रीपासून मोजणी नव्याने सुरू होते.

यातून एक गंमत निघते. एक ज्वाळावाला रोज सहा-साडेसहा तास बांधत राहिला तर नऊ दिवसांत आठवर पोचतो. दोन ज्वाळावालाही नऊच दिवस घेतो, फक्त त्याला रोज सव्वाचार तास पुरतात, उरलेल्या वेळात तो शेतावर किंवा खाणीत जाऊ शकतो. ज्वाळा नसलेल्याला मात्र सुमारे १६५ तास हातोडा मारावा लागतो. रोजचे आठ तास धरले तर वीस दिवस, आणि वर्ष असतं साठ दिवसांचं. तीन जणांच्या सुरुवातीत हे परवडत नाही. अशाला चार-पाचवर सोडून द्या.

वेळ मोजला जातो म्हटल्यावर सरावाला जास्त वेळ खाणारं साहित्य घ्यायचं. ग्रॅनाइटच्या भिंतीला लाकडी भिंतीच्या सुमारे सतरापट काम लागतं आणि साहित्य दोन्हीकडे पाचच नग. एका मोठ्या दगडातून २० ठोकळे निघतात, म्हणजे चार भिंती. मूळ गेममध्ये आपला काळा बेसॉल्ट नाही, पण ग्रॅनाइट, लाइमस्टोन, स्लेट, मार्बल, सँडस्टोन यांपैकी नकाशावर जे असेल ते चालतं. दगडाचा दुसरा फायदा आगीत कळतो. १८२८ मध्ये शनिवारवाडा जळाला तेव्हा आतल्या लाकडी इमारती गेल्या, दगडी जोती आणि तट मागे राहिले. रिमवर्ल्डमध्येही पहिली आग लागली की हेच चित्र दिसतं.

क्रम असा ठेवा. कामांच्या तक्त्यात हाताने प्राधान्य देण्याची सोय चालू करा. शिकाऊला कन्स्ट्रक्शन १ द्या, आधीच आठ गाठलेल्याला ३. दोघांना सारखाच आकडा दिलात तर तयार माणूस झपाझप सगळं उरकतो आणि शिकाऊच्या वाट्याला काही उरत नाही. ठोकळ्यांचा साठा बांधकामाच्या दहा-बारा चौकोनांच्या आत करा. ओझी वाहताना एक्सपी मिळत नाही आणि निम्मा दिवस तिथेच जातो. एका वेळी दहा-बारा भिंतींच्याच ब्लूप्रिंट (कुठे काय बांधायचं याच्या खुणा) टाका, म्हणजे लांबच्या टोकाला पळापळ होणार नाही. सुरुवातीला लाकडी भिंतींत राहत असाल तर त्यांना बाहेरून दगडी कवच घाला, सरावही होतो आणि बचावही.

दगड तोडायची सोय अजून नसेल तर डोंगरातली खडबडीत जमीन आणि भिंती गुळगुळीत करायला लावा. दर टिकला एक्सपी ०.१, म्हणजे बांधकामाच्या चाळीस टक्केच, पण साहित्य शून्य, फसण्याचा प्रश्न नाही आणि खोली देखणी होते. हिवाळ्यात शेती बंद असताना याहून बरं काम नाही.

बांधून पाडणं, पुन्हा बांधणं हा उद्योग काही जण करतात. पाडल्यावर साहित्य निम्मंच परत येतं, तेव्हा तो दगडातच करावा. स्टीलमध्ये केलात तर आठवड्याभरात कंगाल व्हाल.

पलंग आणि शेवटचा हातोडा

भिंतीला आणि टरेटला दर्जा नसतो. पलंग, खुर्ची, टेबल यांना असतो, आणि खास माणूस इथेच वसूल होतो. दर्जाच्या पायऱ्या खालून वर अशा: ऑफुल, पुअर, नॉर्मल, गुड, एक्सलंट, मास्टरवर्क, लेजंडरी. ऑफुल पलंगावर विश्रांतीचा दर ०.८६, नॉर्मलवर १, एक्सलंटवर १.१४, मास्टरवर्कवर १.२५. झोप लवकर पुरी होते, आणि हा फायदा रोज रात्री प्रत्येकाला मिळतो.

कोणत्या लेव्हलला काय निघतं? ० ला सरासरी ऑफुल आणि पुअरच्या मध्ये पडते, ४ ला नॉर्मल, १० ला गुडच्या किंचित वर, १८ ला कुठे एक्सलंट. चारवरून दहावर गेलात की एक पायरी चढता. दहावरून अठरावर जायला दुपटीहून खूप जास्त एक्सपी घालता आणि एक पायरीसुद्धा पुरी होत नाही.

दर्जा ठरतो तो काम पूर्ण करणाऱ्याच्या लेव्हलवरून. निम्मा पलंग बाराच्या माणसाने ठोकला आणि तो जेवायला गेला असताना दोनच्या पोराने शेवटचा हातोडा मारला, तर पलंग दोनच्या पोराचा. ‘एवढा चांगला सुतार असून पलंग पुअर कसा?’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. कामाच्या टेबलावरच्या बिलात, म्हणजे वस्तू बनवायच्या ऑर्डरमध्ये, किमान स्किल घालता येतं, तशी सोय ब्लूप्रिंटला मूळ गेममध्ये नाही. म्हणून फर्निचरच्या ब्लूप्रिंट टाकण्याआधी बाकी सगळ्यांचं कन्स्ट्रक्शन बंद करा, नाहीतर त्यांच्या परवानगीच्या क्षेत्रातून ती खोली वगळा. काम संपलं की पुन्हा चालू करायला विसरू नका. तट पडलेला असताना एकच माणूस विटा लावत बसलाय, हे दृश्य वाईट असतं.

याच नियमाचा उलटा फायदाही घेता येतो. ८५ साहित्याचा डबल बेड शिकाऊने बराचसा ठोकावा आणि शेवटी तयार माणसाला राइट-क्लिक करून तिथे पाठवावं. वेळेवर थांबवणं मात्र किचकट आहे, चार-सहा पलंगांसाठी ठीक.

एखाद्याला इन्स्पायर्ड क्रिएटिव्हिटी ही अधूनमधून येणारी प्रेरणा आली की दर्जा दोन पायऱ्या वर जातो. लेजंडरी मिळण्याचा मूळ गेममधला रस्ता तोच. पण ही प्रेरणा पुढच्या पहिल्याच दर्जाच्या वस्तूवर खर्च होते. ती आल्याचं पत्र दिसताच गेम थांबवा, त्याच्या वाटेतली सगळी स्टुलं-खुर्च्या रद्द करा आणि डबल बेड हातात द्या. लेजंडरी स्टुलाचं काय करणार? हेही लक्षात ठेवा की मास्टरवर्कची किंमत अडीचपट, लेजंडरीची पाचपट धरली जाते आणि वसाहतीची संपत्ती वाढली की हल्लेही वाढतात. पाहुण्यांच्या खोलीत मास्टरवर्क पलंगांची रांग लावू नका.

बारानंतर थांबा

दहापासून स्किल गंजायला लागतं. १० ला दिवसाला ३० एक्सपी, १२ ला १२०, १४ ला ३००, १६ ला ८४०, आणि २० ला ३,६००. दिवसाची मर्यादा ४,००० आहे हे आठवा. एक ज्वाळावाल्याला वीसवर नुसतं टिकायला रोज पावणेसहा तास बांधावं लागेल, आणि वसाहत बांधून झाल्यावर तेवढं काम आणायचं कुठून? ग्रेट मेमरी हा स्वभावगुण असलेल्याचं गंजणं निम्मं होतं, तरी हिशेब फार बदलत नाही. बाराचं रोजचं नुकसान मात्र त्याच माणसाच्या पाव तासाच्या आतल्या बांधकामात भरून निघतं. त्यामुळे ज्वाळावाल्या एकाला बारापर्यंत न्या आणि त्याचे उरलेले तास दुसऱ्या कामाला द्या.

बिघाड दुरुस्त करायलाही त्यालाच ठेवा. गुरुवारी वीज जाण्याची सवय असलेल्या पुणेकराला कूलर बंद पडल्याचं अप्रूप नाही, पण इथे प्रत्येक दुरुस्तीला एक कंपोनंट लागतो आणि कच्च्या हाताने ती फसली की तो कंपोनंटही जातो. फ्रीझरमधलं मांस वितळत असताना जवळ कोण आहे ते बघून कुणालाही पाठवायचा मोह होतो. बारावाला झोपला असेल तर त्याला उठवा.