लक्ष्याची संध्याकाळ कशी करावी

१६ डिसेंबर आला की फोनवर लक्ष्याचे हार घातलेले फोटो फिरायला लागतात. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली गेला, पन्नाशीतच. ज्याच्यावर आमचं अख्खं लहानपण पोसलं, त्याला एक फोटो पुढे ढकलून आठवायचं म्हणजे फारच झालं. त्यापेक्षा शेजारची तीन-चार घरं गोळा करा आणि त्याचा सिनेमा लावा.

पूर्ण सिनेमा हं, रील्स नाहीत. पोरांना हल्ली तुकडे तोंडपाठ असतात, पण तो हशा कुठून चढत चढत आला याचा पत्ता नसतो.

लहान मुलं असतील तर आधी 'झपाटलेला' (१९९३). खोलीत एखादा दिवा चालू ठेवा. तात्या विंचू अजून घाबरवतो. माझा भाचा शेवटपर्यंत मांडीवरून उतरला नाही. तो बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्यांचा, हे मुलांना सांगाच. पण नजर लक्ष्यावर ठेवायला लावा. समोर आहे एक बाहुला, आणि हा गडी गळ्यापासून गुडघ्यापर्यंत घाबरलाय. आपण निम्मे तात्या विंचूला घाबरतो आणि निम्मे लक्ष्या घाबरला म्हणून.

मोठ्यांसाठी 'अशी ही बनवाबनवी' (१९८८). यावर मतदान घेऊ नका, उगाच भांडणं होतात. साडी नेसलेला पुरुष दिसला की लोक हसतातच, त्यात काही विशेष नाही. यात लक्ष्याचा परशा बाईचं सोंग घेऊन पार्वती होतो. ही पार्वती मात्र नुसत्या साडीवर भागवत नाही. ती लाजते ते अगदी मनापासून, आणि आत परशा पकडलं जाण्याच्या धास्तीने अर्धा झालेला असतो. दोन्ही एकाच चेहऱ्यावर! या पार्वतीच्या डोहाळजेवणाचा प्रसंग आला की बोलणं बंद करायला सांगा. 'कुणीतरी येणार येणार गं' हे गाणं आता खऱ्याखुऱ्या डोहाळजेवणात वाजतं. माझ्या जावेच्या वेळी वाजलं तेव्हा ओटी भरणाऱ्या बायका हसून बेजार, आणि सासूबाईंना कळेना काय झालं ते.

मध्यंतरात चहा-चिवडा द्या आणि प्रत्येकाला बोलायला लावा. नियम एकच: 'फार गुणी कलाकार होता' हे चालणार नाही. लक्ष्या पहिल्यांदा कुठे बघितला, ती जागा सांगायची. आमच्याकडच्या एका काकांनी तो रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या व्हिडिओ कोचमध्ये बघितला होता. त्यांचं गाव आलं तेव्हा सिनेमा संपला नव्हता, तर उतरायला तयार नव्हते. मी बघितला गणपतीत, चौकात बांधलेल्या पडद्यावर. पुढे जागा नसायची म्हणून आम्ही पोरं पडद्याच्या मागे बसायचो. तिकडून सगळं उलटं दिसतं: नावं उलटी, दुकानांच्या पाट्या उलट्या. लक्ष्या तेवढा दोन्हीकडून सारखाच. हे मध्यंतर लांबतं, चिवडा जास्तीचा करा.

'मैंने प्यार किया' आणि 'हम आपके हैं कौन' मी लावत नाही. हिंदीने त्याला ओळख दिली असेल, पण वाढताना हात आखडता घेतला.

राहिला 'एक होता विदूषक' (१९९२). हा त्याच रात्री लावू नका. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, पटकथा पु. लं.ची, गाणी महानोरांची, आणि लक्ष्या तमाशातला सोंगाड्या आबुराव. तेव्हा तो चालला नाही. लोक हसायला गेले होते. पुढच्या रविवारी दुपारी, जे खरंच बसतील अशाच दोघा-तिघांना बोलवा. आमच्याकडे एकजण अर्ध्यातून उठले, म्हणाले, 'यात हसवतच नाहीये तो.' त्यांना चप्पल सापडेपर्यंत सिनेमा थांबवला, मग परत लावला.