टोनआर्मची उंची कशी बसवावी

माळ्यावरचा जुना रेकॉर्ड प्लेअर काढला, नवी सुई घातली, तरी भजनातले टाळ चरचरतात आणि गायकाचा ‘स’ शिट्टी मारतो. जळगावात कोणी अशी तक्रार घेऊन आलं की मी आधी एकच विचारतो: सुई टेकलेली असताना टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा लांब दांडा, रेकॉर्डला समांतर दिसतो का? उत्तर बहुतेक वेळा ‘बघितलंच नाही’ असं येतं.

सुरुवात आर्मपासून नाही, टेबलापासून. गवंड्याची छोटी पाणसळ रेकॉर्ड फिरवणाऱ्या थाळीवर ठेवून प्लेअर सपाट करा. मग सुईचा दाब. कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई ज्यात बसते त्या डबीच्या, कागदावर आकडा असतो, बऱ्याचदा दीड ते दोन ग्रॅमच्या आसपास. सोन्याच्या या गावात काट्यांना तोटा नाही, पण सराफाकडचा उंच काटा इथे चालत नाही. मोजताना सुई रेकॉर्डच्याच उंचीवर हवी, म्हणून सुईसाठीचा बुटका डिजिटल काटा घ्या.

आता नेहमी वाजवता ती रेकॉर्ड ठेवा, थाळी थांबलेलीच असू द्या, सुई हलकेच टेकवा. पोरांच्या गणिताच्या वहीतलं चौकटीचं पान पुठ्ठ्यावर चिकटवून आर्ममागे उभं करा आणि डोळा रेकॉर्डच्या पातळीत आणून बघा. आर्म पुढे निमुळता असेल तर वरची कड फसवते, मधली रेषा धरा.

उंची बदलायची तर आधी सुई उचलून आर्म स्टँडवर अडकवा. काही प्लेअरला बुंध्याशी फिरवायची कडी असते, काहींना अ‍ॅलन-कीचा, म्हणजे षटकोनी किल्लीने फिरणारा, स्क्रू. स्क्रू सैल करताना आर्मचा खांब दुसऱ्या हाताने धरूनच ठेवा. मी एकदा धरला नव्हता. खांब खटकन खाली बसला आणि अर्धा तास माझी मलाच शिवीगाळ चालली होती.

समांतर झालं की पुढचं काम कानाचं. डग्गा गुबगुबतो, टाळ बोथट वाटतात, तर आर्मचा मागचा भाग खाली आहे, थोडा वर घ्या. डग्गा पातळ आणि ‘स’ टोचतो, तर खाली. एका वेळी एक मिलिमीटर, आणि दर वेळी गाण्याचा तोच तुकडा ऐका. साधारण 230 मिमीच्या आर्मला बुंधा 4 मिमी हलवला तरी कोन जेमतेम 1 अंशाने बदलतो, त्यामुळे केसाएवढ्या फरकासाठी रात्र जागवू नका. गोल टोकाच्या साध्या सुईला तर हा फरक फारसा जाणवतही नाही. लंबगोल टोकाची सुई मात्र जास्त नखरे करते. शेवटी स्क्रू आवळा आणि दाब पुन्हा मोजा, तो थोडा सरकलेला असू शकतो.

आर्मची उंची बदलायची सोयच नसेल तर? मागचा भाग वर राहत असल्यास रेकॉर्डखाली जाड मॅट घाला, खाली राहत असल्यास पातळ. 180 ग्रॅमची नवी रेकॉर्ड जुनीपेक्षा जराशी जाड असते, पण तेवढ्यासाठी दर वेळी स्क्रूला हात लावायला मी तरी उठत नाही.

आणि हे सगळं वाकड्या रेकॉर्डवर करू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. पत्र्याखालच्या माळ्यावर आडव्या रचलेल्या रेकॉर्डचा पापड होतो आणि आर्म नावेसारखा डोलतो. धाब्याच्या घरातली आतली खोली असेल तर तिथे उभ्या ठेवा.