माशीला पंख बांधताना

ग्रीनवेल्स ग्लोरी ही गळाची माशी, म्हणजे मासे पकडायला गळावर पिसं-दोऱ्याने बांधलेली नकली माशी, 1854 सालची, स्कॉटलंड-इंग्लंड सीमेवरच्या ट्वीड नदीवरची. मूळ पंख ब्लॅकबर्ड पक्ष्याच्या पिसांचे, मी बदकाच्या पिसांचे लावतो.

एक पीस बदकाच्या डाव्या पंखाचं, एक उजव्याचं घ्या. दोन्ही एकाच बाजूची घेतली की माशी कलंडलीच म्हणून समजा; माझ्या पहिल्या डझनभर अशाच लंगड्या निघाल्या. गळाचं टोक आणि त्याची सरळ दांडी यांत जेवढं अंतर, तेवढी रुंद पट्टी प्रत्येक पिसातून कापा. तंतू विस्कटले तर बोटाने हलके चोळा, पुन्हा जुळतात.

आता खरी मेख. पट्ट्यांची टोकं जुळवा, खोलगट बाजू आत ठेवा आणि दांडीवर चिमटीत धरा. दोरा चिमटीतून वर न्या, सैल फास ठेवून पलीकडून खाली आणा आणि सरळ खाली ओढा. तिरका ओढलात की पंख दांडीभोवती गुंडाळला जातो. तीन वेढे पडेपर्यंत चिमूट सोडायची नाही, नाकाला खाज सुटली तरी! मग उरलेली बुडखं कापा, दोऱ्याने झाका, गाठ मारा.

शेवटी वार्निशचा एकच थेंब. गळाचं दोरी ओवायचं भोक बुजलं तर ओलं असतानाच सुईने मोकळं करा.