रियाज अडला की

तबल्याची प्रवेशिका परीक्षा पूर्ण झालेल्या मुलांचं माझ्याकडे एक गाऱ्हाणं ठरलेलं असतं. "ताई, रोज बसतो, पण लय पुढे सरकतच नाही." गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमेची, म्हणजे पुढच्या परीक्षेची, तयारी चालू असते आणि त्रितालातला (16 मात्रांच्या तालातला) साधा कायदा (ठरावीक बोलांची रचना) एका लयीला येऊन थबकतो. मग तोच कायदा, तीच लय, फक्त आणखी जोरात. त्यानं खांदा भरून येतो, बाकी काही होत नाही.

अख्खा कायदा कधीच अडत नाही, त्यातला एखादा सांधा अडतो. तो शोधा. 'धाधातिट धाधातिंना' घ्या. दिल्ली बाजात (वादनशैलीत) 'ति' मधल्या बोटानं शाईवर (मधल्या काळ्या गोलावर), 'ट' तर्जनीनं शाईवरच, आणि पुढचा 'धा' वाजवायला त्याच तर्जनीला क्षणात चाटेवर (कडेच्या पट्टीवर) पोचायचंय. लय वाढली की बहुतेकांचं बोट इथेच उशिरा पोचतं. म्हणून 'टधा, टधा' एवढाच तुकडा सुटा काढा आणि अगदी ठाय (संथ) लयीत वाजवा. बोट किती वर उचलताय ते बघा. जितकं उंच उचलाल तितकं परत यायला लांब. तुकडा सहज पडू लागला की मागे 'ति' जोडा, मग 'धा', आणि असं करत पूर्ण ओळ.

तबला न वाजवता पढंतही करा. 1, 5 आणि 13 व्या मात्रेला टाळी, 9 व्या मात्रेला खाली (टाळी न देता हात मोकळा), आणि तोंडानं बोल. जिभेवर जे अक्षर गिळलं जातं तेच बोटांत गिळलं जातं, हे मी इतक्या मुलांत पाहिलंय की आता पढंत नीट आल्याशिवाय मी तबल्याला हात लावू देत नाही.

लयीची एक युक्ती आहे. मेट्रोनोम 120 वर ठेवून मात्रेला दोन अक्षरं वाजवताना अडत असाल, तर तो 60 वर आणा आणि मात्रेला चार अक्षरं वाजवा. बोटांचा वेग तोच राहतो, पण ठोके लांब पडल्यानं श्वासाला जागा मिळते, घाई उतरते. तिथे स्थिर झालात की दोन-दोननं वाढवा.

तबला सुरात आहे ना, हेही पाहा. पावसाळ्यात पुडी (वरचं कातडं) सैल पडते, 'ना' वाजत नाही, आणि तो काढण्यासाठी मुलं नकळत जोर लावतात. आधी गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) वरून हातोडीनं हलके ठोके देऊन सूर चढवा. फरक जास्त असेल तर गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) सरकवावे लागतील. उतरलेल्या तबल्यावर केलेला रियाज मला तर वायाच गेलेला वाटतो.

डग्ग्याकडे (डाव्या हाताच्या वाद्याकडे) सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. कायद्याच्या खालीच्या भागातल्या 'तातातिट'ला तो गप्प असतो आणि पुढच्या 'धाधा'ला परततो. तो परतताना उशीर झाला तरी आपण दोष उजव्या हातालाच देतो. एक दिवस उजवा हात मांडीवर ठेवून फक्त डग्ग्याचे बोल वाजवून बघा.

मनगटात कळ आली तर त्या दिवशी तिथेच थांबा. आणि एवढं करूनही सांधा सुटला नाही, तर गुरुजींना सांगा, "आज ऐकू नका, बाजूला बसून माझा हात बघा." समोरून जे दिसत नाही ते बाजूनं दिसतं. अंगठा ताठ आहे, कोपर अंगाला चिकटलंय, किंवा चुंबळ (तबल्याखालची गोल गादी) ढळून तबला तिरका झालाय.