लॅपटॉप, क्रोमबुक की टॅब्लेट: खरेदीपूर्वी तुलना कशी करावी

संगणक घ्यायला निघालेला माणूस बहुधा आधी किंमत पाहतो आणि मग रॅम. वास्तविक सुरुवात करावी ती ज्या सॉफ्टवेअरवाचून आपले काम अडते त्यापासून, कारण तेवढ्या एका प्रश्नाने निम्मे पर्याय गळून पडतात. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्याला किंवा रेव्हिटमध्ये इमारतींचे आराखडे करणाऱ्याला विंडोजचा लॅपटॉपच हवा, मग मॅकबुक कितीही देखणे असो.

ज्याचे सगळे काम ब्राउझरमध्ये होते, त्याला क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप, स्वस्तात पुरते. मात्र 2021 पासून आलेल्या क्रोमबुकना गूगल देत असलेली 10 वर्षांची अद्ययावतने (अपडेट) आपल्या खरेदीच्या दिवसापासून मोजली जात नाहीत. ती त्या जातीचे यंत्र प्रथम बाजारात आल्यापासून मोजतात. म्हणून सवलतीतला जुना माल घेताना मुदत केव्हा संपते ते आधी पाहावे.

टॅब्लेट वाचनाला आणि पेनने टिपणे काढायला उत्तम. त्याला कीबोर्ड जोडला की लॅपटॉप झाला, ही समजूत मात्र टेबलापुरतीच खरी आहे. मागे टेकू लावून उभा राहणारा टॅब्लेट एसटीच्या बाकावर मांडीवर घेऊन पाहावा, म्हणजे अडचण कळते. लिहिणे जास्त आणि रेखाटन कमी असेल, तर पडदा पूर्ण मागे दुमडणारा लॅपटॉप अधिक सोयीचा.

हलका लॅपटॉप आणि गेमिंगचा लॅपटॉप यांतला खरा फरक विजेच्या खर्चाचा आहे. इंटेलच्या नावात शेवटी ‘यू’ असलेले अनेक प्रोसेसर मुळात 15 वॉटचे, तर ‘एच’ असलेले 45 वॉटचे असतात. ‘दिवसभर चालते’ या जाहिरातीपेक्षा बॅटरीचे वॉट-तास पाहावेत: 54 वॉट-तासांची बॅटरी, सरासरी 9 वॉट खर्च, म्हणजे 6 तास, तीच बॅटरी 27 वॉट खाणाऱ्या यंत्रात 2 तासांत संपते. वजनही चार्जरसकट धरावे, कारण गेमिंगच्या लॅपटॉपचा चार्जर म्हणजे पिशवीतली वीटच.

पातळ यंत्रांत रॅम बहुधा मदरबोर्डवरच, म्हणजे यंत्राच्या मुख्य पाटीवर, डाखलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे तिथे 8 ऐवजी 16 जीबी आधीच घेणे शहाणपणाचे. अगदी स्वस्त यंत्रांत एसएसडी या वेगवान साठवणीऐवजी ईएमएमसी ही स्वस्त साठवण असते. ती संथ चालते. क्रोमबुकवर ते खपते, विंडोजवर खपत नाही.

कीबोर्डची परीक्षा दुकानातच करावी, आणि मराठीत करावी. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड-मांडणीत ख, घ, झ, ध, भ ही अक्षरे शिफ्ट दाबून उमटतात, तर ज्ञ, त्र आणि क्ष अंकांच्या ओळीत शिफ्टसह 5 ते 7 या कळांवर आहेत. एक परिच्छेद टंकून पाहिला, की आखूड शिफ्ट कळ किंवा दाबल्यावर मधोमध लवणारा कीबोर्ड लगेच उघडा पडतो. त्याच वेळी पडदा थोडा मागे कलवून बाजूने पाहावा. रंग फिके पडले, तर तो पॅनेल हलक्या प्रतीचा आहे.

दोन यंत्रे तरीही तुल्यबळ वाटली, तर वॉरंटीत दुरुस्तीचा माणूस आपल्या गावी येणार की यंत्र घेऊन आपणच शहर गाठायचे, हे लेखी विचारावे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने त्यासाठी थोडे पैसे जास्त मोजायला हरकत नाही.